नवीन पिकअप ऑइल कमी करतेय, लवकर मदत हवी आहे

सावळजचा_बागायतदार:
नवीन पिकअप घेतलीय. ऑइल कमी होतंय. दोनदा टाकलं तरी ऑइल मोजायची पट्टी परत खालीच दाखवते. शोरूमवाले म्हणतात, नवीन गाडी थोडं ऑइल घेतेच, चालवत राहा. गावातला मिस्त्री म्हणतो पिस्टनच्या रिंगा बसल्या नाहीत, इंजिन खोलायला लागेल. द्राक्षं सुरू झालीत, आठवड्याला वाशीची खेप आहे, गाडी उभी ठेवणं परवडत नाही. खोलायला लावू का नको, एवढंच सांगा. लगेच सांगा.

मिरज_लोडिंग:
किती किलोमीटर झालेत? डिझेल का सीएनजी? किती किमीत किती ऑइल कमी झालं? यातलं काहीच लिहिलेलं नाही. नुसतं 'कमी होतंय' यावरून कोण काय सांगणार?

सावळजचा_बागायतदार:
डिझेल. २४०० झालेत. पाव-पाव लिटर दोनदा टाकलं.

विटेकर:
दादा, द्राक्षं भरणार असाल तर मागं स्प्रिंगचा एक एक पाटा वाढवून घ्या. मी गाडी घेतली त्याच आठवड्यात वाढवला. खड्ड्यात मागचं बूड टेकत नाही, माल दबत नाही. विट्यात चांगलं काम करून देतात.

सावळजचा_बागायतदार:
पाट्याचं विचारलं नाही. ऑइलचं विचारलंय.

जुना_चालक_कराड:
तीस वर्षं गाडी चालवतोय. नव्या इंजिनाला पहिले २००० किमी चाळीसच्या वर न्यायचं नसतं, लोड तर अजिबात भरायचा नसतो. आजकाल डिलिव्हरी घेतली की दुसऱ्या दिवशी माल भरतात. मग रिंगा काय बसणार!

फिटर_कुपवाड:
काका, तुमच्या अनुभवाचा मान राखून सांगतो, नुसतं मऊ चालवूनही रिंगा बसत नाहीत. नव्या सिलिंडरला आतून होनिंगच्या बारीक तिरप्या रेघा असतात. रिंगा त्या रेघांवर घासत घासत भिंतीला बसतात. रिंगेला स्वतःचा ताण असतो, पण तिला भिंतीवर खरी दाबते ती वरच्या पेटलेल्या वायूची ताकद. सारखी हळू, रिकामी गाडी चालवली किंवा तासन्‌तास उभ्या जागी इंजिन सुरू ठेवलं की तो दाब मिळत नाही, आणि भिंतीला काचेसारखी चकाकी येते. मग गाडी कायमचीच ऑइल पिते. पहिल्या हजार किमीत मध्यम लोड, एकाच स्पीडला धरून न ठेवता कमी-जास्त करत चालवणं, पॅडल तळाला न दाबणं, एवढं पाळायचं. मॅन्युअलमध्येही साधारण हेच असतं.

जुना_चालक_कराड:
आमच्या गाड्या पाच-पाच लाख किलोमीटर चालल्या, इंजिन न खोलता. पुस्तक वाचून चालवल्या नव्हत्या.

मिरज_लोडिंग:
भांडू नका. सावळजवाले, पहिले हजार किमी कशी चालवली? आणि आता लोड किती भरता?

सावळजचा_बागायतदार:
शोरूममधला पोरगा म्हणाला जपून चालवा, म्हणून पहिले हजार-बाराशे रिकामीच फिरवली, तासगाव-सावळज. मग वाशी सुरू केली. चारशे पेट्या भरतो. पासिंग दीड टनाचं आहे.

मिरज_लोडिंग:
चार किलोची पेटी ना? ४०० गुणिले ४ म्हणजे १६०० किलो नुसतं द्राक्ष. वर खोक्यांचं, कागदाचं वजन. दीड टनाच्या वर गेलात. आधी अगदी मऊ, मग एकदम ओव्हरलोड. दोन्ही टोकं इंजिनानं एका महिन्यात बघितली.

जुना_चालक_कराड:
त्यात खंबाटकी चढायची भरल्या गाडीनं. इंजिन तापणारच.

सातारा_रोडवरचा:
काका, पुण्याकडं जाताना बोगदा आहे, घाट नाही. घाट लागलाच तर येताना, साताऱ्याकडं परतताना, तेव्हा गाडी रिकामी असते. आणि लोणावळ्याजवळच्या खंडाळा घाटातही भरलेली गाडी खाली उतरते, चढत नाही. लोडचा त्रास त्यांना आहे, घाटाचा कमी.

हळदवाला_सांगली:
इतकं कशाला? २०डब्ल्यू-५० टाका. जाड ऑइल जळत नाही. माझ्या २००९ च्या गाडीला तेच घालतो, वर एक ॲडिटिव्हची बाटली. टिपूसही कमी होत नाही.

फिटर_कुपवाड:
हे कृपा करून करू नका. २००९ ची गाडी वेगळी. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेलला धुराच्या नळीत डीपीएफ जाळी असते. ऑइल जळलं की त्याची राख जाळीत बसते, आणि ती राख रिजनरेशननं, म्हणजे गाडी जाळीतली काजळी स्वतः जाळते त्यानं, जळून जात नाही. म्हणून कमी राखेचं, मॅन्युअलमध्ये लिहिलेल्याच ग्रेडचं ऑइल लागतं. सावळजवाले, तुम्ही पाव-पाव लिटर टाकलं ते कुठलं?

सावळजचा_बागायतदार:
स्टँडजवळच्या दुकानातलं सुटं. डिझेलचंच होतं.

फिटर_कुपवाड:
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायला हवं होतं. आता सुटं बंद. सर्व्हिस सेंटरला सांगून ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदलून घ्या, आणि ते जॉबकार्डवर लिहून घ्या. नाहीतर उद्या वॉरंटीच्या वेळी तेच पुढं करतील.
आणि पट्टी कधी, कुठं बघता?

सावळजचा_बागायतदार:
सकाळी, निघताना. शेडसमोर.

मिरज_लोडिंग:
शेडसमोरची जागा सपाट आहे?

सावळजचा_बागायतदार:
पाणी निघून जावं म्हणून थोडा उतार काढलाय. पण नेहमी तिथंच बघतो.

फिटर_कुपवाड:
गाडी रोज थोडी मागं-पुढं उभी राहिली, तोंड फिरलं, की आकडा बदलतो. असं करा. पेट्रोल पंपाच्या सपाट काँक्रीटवर उभी करा, इंजिन गरम झालेलं असू द्या, बंद करून दहा मिनिटं थांबा. पट्टी पुसून परत घाला, मग बघा. फोटो काढा, किलोमीटरच्या मीटरचाही काढा. दर वेळी तोच पंप, तीच जागा. वरच्या खुणेपर्यंत भरून हजार किमी चालवा, मग किती घालावं लागलं ते मापानं मोजा. बऱ्याच गाड्यांत दोन खुणांमध्ये लिटरभर ऑइल मावतं, तुमच्या गाडीचं मॅन्युअलमध्ये बघा. किती खप चालतो तेही त्यातच असतं.
रात्री इंजिनाखाली पेटीचा पुठ्ठा अंथरा. मातीत गळती दिसत नाही. ड्रेन बोल्ट, फिल्टरची बैठक, टर्बोची परतीची नळी, तिन्हीकडं हात फिरवून बघा. सकाळी पहिल्या स्टार्टला मागं कुणाला तरी उभं करा, निळा धूर येतो का ते बघायला.
पट्टी वर चढत असेल तर मात्र जास्त घाबरा. छोट्या छोट्या फेऱ्यांत रिजनरेशन अर्धवट राहिलं की डिझेल ऑइलमध्ये उतरतं. तुम्ही पहिले बाराशे तसेच काढलेत. पट्टीचा वास घ्या.

विटेकर:
आणि वाशीत नंबर लागेपर्यंत इंजिन चालू ठेवता का? माझा ड्रायव्हर रात्रभर एसी लावून झोपायचा.

सावळजचा_बागायतदार:
ठेवतो. पोराला डास चावतात. बंद करायला सांगतो.

*(बावीस दिवसांनंतर)*

सावळजचा_बागायतदार:
उशीर झाला, माफ करा. माल जोरात होता.
ऑइल-फिल्टर बदललं, जॉबकार्डवर लिहून घेतलं. तासगावच्या पंपावर मोजायला लागलो. शेडसमोर पट्टी जिथं दाखवायची त्यापेक्षा सपाटीवर जवळजवळ अर्धी खूण वर आली. पुठ्ठा कोरडा. डिझेलचा वास नाही. पहिल्या स्टार्टला हलका निळा धूर यायचा, आता दिसत नाही. पेट्या ३५० वर आणल्या. वाशीच्या दोन खेपा मिळून १४६० किमी झाले, मापानं ३०० मिली घातलं.

फिटर_कुपवाड:
२०० च्या आसपास झालं हजाराला. रिंगा अजून बसतायत. पुढच्या हजाराला परत मोजा. आकडा उतरत गेला तर इंजिनाला कुणाला हात लावू देऊ नका. तिथंच थांबला किंवा वाढला तर हेच फोटो घेऊन सर्व्हिस सेंटरला जा आणि ऑइल खपाची चाचणी लेखी मागा. ड्रेन बोल्टला सील मारून ते स्वतः मोजतात.

सावळजचा_बागायतदार:
मिस्त्रीनं शनिवारी इंजिनाचं हेड उतरवायचं ठरवलं होतं, त्याला नको म्हणून सांगितलं. पुढचा आकडा इथंच टाकतो.