मदत हवी आहे: मेडिकलच्या आधी एक वर्षाचं मास्टर्स (एसएमपी). डिपॉझिट भरावं का?

एडिसनची_आई

नमस्कार मंडळी,

३० जानेवारीच्या आत एक हजार डॉलर भरायचे आहेत आणि भरले की परत मिळत नाहीत. फ्रीजवरच्या कालनिर्णयवर लेकीने त्या तारखेभोवती लाल गोल काढलाय. दुधाचा कॅन काढायला गेलं तरी तोच दिसतो. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. ग्रीन कार्ड कधीच झालंय, त्यामुळे तो प्रश्न नाही. लेक मे २०२५ मध्ये बायॉलॉजी घेऊन ग्रॅज्युएट झाली. डॉक्टर व्हायचं तिच्या मनात सातवीपासून आहे. इथे मेडिकल कॉलेज चार वर्षांच्या डिग्रीनंतर असतं आणि त्या चार वर्षांचा जीपीए (ग्रेडची सरासरी, ४ पैकी) पाठ सोडत नाही. तिचा एकूण ३.२४ आहे. बायॉलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स, मॅथ्स यांचा वेगळा काढतात, तो ३.०२. दुसऱ्या वर्षी ऑर्गॅनिक केमिस्ट्रीच्या दोन्ही सेमिस्टरना सी, फिजिक्सला सी प्लस. आजारपण नाही, घरात काही घडलं नाही. हायस्कूलमध्ये आदल्या रात्री वाचून ए मिळायचा, कॉलेजात तसा मिळत नाही हे कळायलाच तीन सेमिस्टर गेल्या. शेवटच्या तीन मात्र ३.६ च्या वर आहेत. ऑगस्टमध्ये एमकॅट (मेडिकलची प्रवेश परीक्षा) दिली, ५२८ पैकी ५०९. सध्या एका ऑर्थोपेडिक डॉक्टरांकडे स्क्राइब आहे, म्हणजे ते पेशंटशी बोलतात आणि ही शेजारी बसून टाइप करते.

एमडीला प्रवेश मिळालेल्यांचा सरासरी जीपीए ३.८ च्या आसपास आणि एमकॅट ५११-५१२. म्हणून कॉलेजच्या ॲडव्हायजरने सुचवलं की आधी मेडिकल सायन्सेसमध्ये एक वर्षाचं मास्टर्स (एमएस) कर. याला इथे स्पेशल मास्टर्स किंवा एसएमपी म्हणतात. मेडिकलच्या पहिल्या वर्षाचे विषय शिकवतात, तिथे चांगले ग्रेड आणले की 'ही मुलगी मेडिकल झेपवेल' असं दाखवता येतं. तिने चार ठिकाणी अर्ज केले. फिलाडेल्फियाच्या बाजूच्या एका ठिकाणाहून होकार आलाय, ऑगस्टपासून सुरू.

फी ४४ हजार, राहणं-जेवण वेगळं. आणि १ जुलै २०२६ पासून नव्याने कर्ज घेणाऱ्यांना ग्रॅड प्लस हे सरकारी कर्ज बंद होतंय. म्हणजे अशा मास्टर्सला सरकारी कर्ज वर्षाला २०,५०० डॉलरच. बाकीचं खाजगी कर्ज, नाहीतर आमची शिल्लक. अजून मेडिकलची चार वर्षं पुढे आहेतच.

सांगलीला सासूबाईंना फोनवर सांगितलं तर त्या म्हणाल्या, "अगं एमएस म्हणजे सर्जन ना? मग एमएस झाल्यावर परत एमडीला कशाला बसतेय?" मी दहा मिनिटं समजावलं. शेवटी त्या म्हणाल्या, "म्हणजे अजून काहीच झालेलं नाही." काय बोलणार, खरंच आहे.

तर, कुणाच्या मुलांनी हे केलंय का? पैसे सार्थकी लागले का? डिपॉझिट भरू का?

पेठेतला

साधा उपाय. भारतात पाठवा. एनआरआय कोट्यातून एमबीबीएस, साडेपाच वर्षांत डॉक्टर. तिकडे चार अधिक एक अधिक चार, वर रेसिडेन्सी (हॉस्पिटलमधलं प्रशिक्षण). कशासाठी?

एडिसनची_आई

विचार केला होता. पण परत इथेच यायचं असेल तर यूएसएमएलई (इथल्या डॉक्टरी लायसन्सची परीक्षा) द्या, रेसिडेन्सीसाठी बाहेरून शिकून आलेल्यांच्या रांगेत उभे राहा. शिवाय नीटचा अभ्यास बाविसाव्या वर्षी नव्याने करायला ती तयार नाही. आणि खरं सांगू, तिचं मराठी 'आई भूक लागली' एवढ्यापुरतं आहे, वॉर्डात पेशंटशी काय बोलणार?

रात्रपाळी

ताई (काकू म्हणायला हवं खरं, पण या साइटवर सगळ्या ताईच), मी हा कोर्स केलाय. आता इंटर्नल मेडिसिनच्या रेसिडेन्सीत दुसरं वर्ष चालू आहे. ड्यूटीवरून आलोय, चुका पोटात घाला.

तुम्हाला ॲडव्हायजरने सांगितलं का माहीत नाही, पण ॲमकॅस, म्हणजे एमडीचे अर्ज जिथून जातात ते, मास्टर्सचा जीपीए वेगळ्या ओळीत दाखवतं. डिग्रीच्या जीपीएत तो मिसळत नाही. म्हणजे लेकीने मास्टर्सला ४.० काढला तरी ३.२४ चा ३.२४ च राहणार. काही कॉलेजं पहिली चाळणी डिग्रीच्या आकड्यावरच लावतात. चाळणीतून पडलात तर मास्टर्सचं कौतुक करायला कुणी अर्ज उघडतच नाही.

एसएमपी म्हणजे परीक्षेच्या आधी दिलेली परीक्षा. जॉर्जटाउनने सत्तरच्या दशकात हा साचा पाडला, मग बाकीच्यांनी आपापल्या परीने उचलला. सगळे सारखे नाहीत. बोस्टन युनिव्हर्सिटीत थिसिस किंवा कॅपस्टोन करावा लागतो, काही ठिकाणी मेडिकलच्या मुलांच्या शेजारी बसवतात, काही ठिकाणी नुसतं वेगळ्या वर्गात तेच विषय. मी होतो तिथे मेडिकलची मुलं त्याच हॉलमध्ये, पेपरही तोच. फरक एवढाच की त्यांना पास-नापास आणि आम्हाला ए-बी-सी, तोही त्यांच्या सरासरीवरून. फिजिऑलॉजीच्या पहिल्या पेपरात मी सरासरीच्या चार मार्क खाली होतो. लायब्ररीच्या जिन्यात बसून आईला फोन लावला आणि "जेवलो" एवढंच बोलून ठेवला.

आमच्या अभ्यासाच्या टेबलावर सहा जण असायचो. तिघे मेडिकलला लागले, एक डेंटलकडे वळला. उरलेल्या दोघांचा मास्टर्सचा जीपीए ३.२ च्या खाली गेला आणि तिथे त्यांचा रस्ता जवळजवळ संपला. डिग्रीच्या सी ला 'तेव्हा लहान होतो' म्हणता येतं. मेडिकलच्याच विषयात, तेवीस वर्षांचे असताना, मुद्दाम पैसे भरून आणलेल्या सी ला काय म्हणणार? हा कोर्स तारतो तसा बुडवतोही, आणि माहितीपत्रकात बुडालेल्यांचा फोटो नसतो.

डिपॉझिटच्या आधी लेकीला (तुम्हाला नाही, तिला) त्यांना ईमेल करून तीन गोष्टी विचारू द्या. एक, गेल्या वर्षी सुरुवातीला किती जण होते आणि *त्यातले* किती लागले. बरेच जण जो ८०-९० टक्क्यांचा आकडा छापतात तो कोर्स पुरा करून, ठरावीक जीपीए आणून, वर अर्ज केलेल्यांपैकी असतो. दोन, ठरावीक जीपीए आणल्यास त्यांच्याच मेडिकल कॉलेजात मुलाखतीची हमी आहे का, आणि ती लेखी आहे का. तीन, ग्रेड मेडिकलच्या मुलांच्या तुलनेत लागतात की आपापसात.

वेळेचंही बघा. अर्ज मे-जूनमध्ये भरतात. ती यंदाच्या जूनमध्ये अर्ज करेल तेव्हा मास्टर्सचा एकही ग्रेड हातात नसेल, फार तर जानेवारीत पहिल्या सेमिस्टरचे कळवता येतील. ग्रेड घेऊन अर्ज करायचा तर जून २०२७, आणि मेडिकल सुरू ऑगस्ट २०२८ ला. म्हणजे एक वर्षाचं मास्टर्स हिशेबात दोन वर्षांचं होतं.

आणि या सगळ्यात डीओ (एमडीसारखीच डॉक्टरकीची दुसरी डिग्री) कुठे आहे? तुमच्या पोस्टमध्ये तो शब्दच नाही.

हिशेबनीस

वरच्यांना दुजोरा. मी आकडे मांडतो, १२० क्रेडिट धरून. ३.२४ गुणिले १२० म्हणजे ३८८.८. मास्टर्सऐवजी तिने जवळच्या सरकारी कॉलेजात डिग्रीच्या पातळीचे सायन्सचे ३० क्रेडिट केले (याला पोस्टबॅक म्हणतात, हे मात्र डिग्रीच्या जीपीएत धरतात) आणि सगळीकडे ए आणला, तर १२० ची भर. ५०८.८ भागिले १५० म्हणजे ३.३९. सायन्सचे ६० क्रेडिट धरले तर ३.०२ चा ३.३५ होतो. डोळ्यांत भरेल असं नाही, पण ३.० च्या काठावरून आत येते. बायोकेमिस्ट्री, सेल बायॉलॉजी, जेनेटिक्स असले विषय घेतले तर ऑर्गॅनिकच्या सी ला थेट उत्तरही मिळतं. नोकरी चालू ठेवून करता येतं, घरी राहून करता येतं. खर्च ४४ हजारांच्या जवळपासही जाणार नाही.

एमकॅट ५०९ ला हात लावू नका. गुण दोन-तीन वर्षं चालतात, कॉलेजागणिक बघून घ्या.

सुगरण_बफेलो

डीओबद्दल मी सांगते. माझा भाचा डीओ. ऑस्टिओपॅथिक. एमडीसारखंच लायसन्स, तेवढेच हक्क, आणि २०२० पासून रेसिडेन्सीची व्यवस्थाही दोघांची एकच. त्यांच्या प्रवेशाची सरासरी ३.६ जीपीए आणि ५०४ च्या आसपास एमकॅट. म्हणजे तुमच्या लेकीचा एमकॅट तिथे वरचढ आहे. अमेरिकेत शिकलेल्या डीओंपैकी ९२ टक्क्यांहून जास्त जणांना रेसिडेन्सी लागते.

फक्त नातेवाइकांची तयारी ठेवा. आमच्याकडे लग्नात एका काकांनी ऑस्टिओपॅथिकचा अर्थ विचारला, भाच्याने हाडं-स्नायूंच्या मॅनिप्युलेशनबद्दल सांगितलं, तेव्हापासून अख्ख्या साताऱ्यात तो हाडवैद्य. आता हॉस्पिटलमध्ये ॲनेस्थेशिया देतो, तरी गावी गेला की लोक मुरगळलेला पाय पुढे करतात.

पेठेतला

हाडवैद्य काही वाईट नाही, आमच्याकडे रांग असते.

कावेरी_के

पीए (फिजिशियन असिस्टंट) बघितलंत का? दोन-अडीच वर्षांत मोकळी.

एडिसनची_आई

पीए नको म्हणते. डॉक्टरांशेजारी बसून टाइप करतेच आहे, अजून शेजारी बसायचं नाही असं तिचं म्हणणं. (पीए मंडळींनी रागावू नका, तिचे शब्द आहेत.)

डीओ मला माहीत होतं. लिहिलं नाही कारण घरात तो विषय निघाला की हे म्हणतात, "एमडी नाही मिळालं म्हणून?" आणि लेक उठून वर जाते. इथे तेच लपवलं मी, आता लक्षात येतंय.

रात्रपाळी

माझ्या वॉर्डात सध्या जी सीनियर मला शिकवते ती डीओ आहे. पेशंटने आजवर एकदाही विचारलेलं नाही. ताई, एक विचारू? या सगळ्यात लेक स्वतः काय म्हणते? डिपॉझिट भरायचं तिला आहे की ॲडव्हायजरला?

एडिसनची_आई

(चार दिवसांनी)

उशीर झाला उत्तराला, पण या वेळी तिला बसवून विचारलं. खरं तर तिने मला बसवलं. रविवारी पोह्यांच्या ताटल्या बाजूला सारून लॅपटॉप उघडला तर त्यात एक तक्ता तयारच होता. एसएमपी, पोस्टबॅक, डीओ, असे तीन रकाने, आणि प्रत्येकाखाली पैसे, महिने आणि 'बाबा काय म्हणतील'. तो शेवटचा रकाना बघून हे बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हा काढून टाक." तिने तिथल्या तिथे डिलीट केला.

तिने ते तीन प्रश्न पाठवले होते. दुसऱ्या आणि तिसऱ्याचं उत्तर आलं. मुलाखतीची हमी नाही, 'विचार केला जाईल' असं आहे. ग्रेड आपापसात लागतात, मेडिकलची मुलं वेगळी बसतात. पहिल्या प्रश्नाला माहितीपत्रकाची लिंक आली. तिच्यात तोच ८७ टक्क्यांचा आकडा, कशातले ८७ ते नाही. तिने परत विचारलं, अजून उत्तर नाही.

तिचं ठरत आलंय ते असं: मेच्या उन्हाळी सत्रापासून सरकारी कॉलेजात बायोकेमिस्ट्री आणि जेनेटिक्स, फॉलमध्ये अजून दोन-तीन विषय, आणि यंदाच डीओचे अर्ज, सोबत एमडीचे मोजके. एसएमपी कायमचं सोडलेलं नाही. पुढच्या वर्षी लागलंच तर जिथे मुलाखतीची हमी लेखी आहे तिथेच. ३० तारखेला अजून पाच दिवस आहेत, त्यांचं उत्तर आलं तर बघू. ऑर्गॅनिकच्या सी बद्दल निबंधात काय लिहिणार विचारलं, तर म्हणाली, "इथे लिहिलंस तेच. आजारी नव्हते, अभ्यास येत नव्हता, मग शिकले." हो, तिने हा धागा वाचलाय. मराठी येत नाही म्हणून निर्धास्त होते मी. मोबाइलवर भाषांतर करून घेतलं म्हणे. भुकेच्या वाक्याबद्दल माझ्यावर खटला चालू आहे.

आता एकच मदत हवी. बऱ्याच डीओ कॉलेजांना अर्जासोबत एखाद्या डीओ डॉक्टरचं पत्र लागतं किंवा निदान चालतं. तिचे ऑर्थोपेडिक डॉक्टर एमडी आहेत. एडिसन, वुडब्रिज, न्यू ब्रन्सविक या भागात कुणाच्या ओळखीत डीओ डॉक्टर आहेत का, जे आठवड्यातून एक दिवस तिला शॅडोइंगला (सोबत राहून काम बघायला) येऊ देतील? शनिवार चालेल. नाव-नंबर धाग्यात टाकू नका, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

सुगरण_बफेलो

भाच्याच्या बॅचचे एक जण तुमच्या बाजूला फॅमिली मेडिसिनला आहेत. आज रात्री विचारून व्यनि करते.