रि: शनिवारचं व्याख्यान, वेस्ट बँक आणि मानवी हक्क

प्रेषक: अविनाश

मंडळी,
शनिवारी वेस्ट बँकबद्दल बरंच ऐकलं. पण ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासने सुमारे १२०० माणसं मारली, अडीचशेच्या आसपास ओलीस नेली, ते ओझरतंच आलं. माझे अलिबागचे बेने इस्रायली शाळासोबती आता अश्दोदला असतात. सायरन झाला की नातवंडांना उचलून आडोशाला पळतात. त्यांनी जीव वाचवायचा नाही का?

प्रेषक: वर्षा

अविनाशकाका,
जरूर वाचवायचा. ओलीस धरायला चौथ्या जिनिव्हा करारात कलम ३४ ने साफ बंदी आहे. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने २१ नोव्हेंबर २०२४ ला इस्रायलचे नेते नेतान्याहू आणि गॅलंट यांच्यावर वॉरंट काढलं, तसं त्याच दिवशी हमासच्या मोहम्मद देइफवरही काढलं.

मला बोलायचं होतं ते वेस्ट बँक १९६७ पासून इस्रायली लष्कराच्या ताब्यात आहे, तिथल्या रोजच्या कारभाराबद्दल. समजा तिथल्या हेब्रॉन शहरात एकाच गल्लीत दोन मुलांनी दगड मारला. इस्रायली वसाहतीतल्या ज्यू मुलाचा खटला इस्रायलच्या नेहमीच्या न्यायालयात चालतो, पॅलेस्टिनी मुलाचा लष्करी न्यायालयात, आणि तिथला न्यायाधीश लष्करी अधिकारी असतो. २०११ पर्यंत तर त्या लष्करी कायद्यात सोळाव्या वर्षीच मूल सज्ञान धरत. इस्रायलच्या कायद्यात ते वय अठरा आहे.

खटलाच न चालवता आत टाकायचं, ते आणखी वाईट. स्थानबद्धतेचा लष्करी हुकूम जास्तीत जास्त सहा महिन्यांचा असतो आणि तो कितीही वेळा वाढवता येतो. न्यायाधीशापुढे प्रकरण जातं, पण पुरावा गुप्त. कैद्याला दाखवत नाहीत, त्याच्या वकिलालाही नाही. काका, तुमचे थोरले बंधू मिसाखाली, म्हणजे असेच खटल्याविना, येरवड्याच्या तुरुंगात होते. हे तुम्हाला मी काय सांगावं!

प्रेषक: अविनाश

दादाला का धरलं ते आईला शेवटपर्यंत कोणी सांगितलं नाही. तो संताप अजून आहे. पण वर्षा, गुप्त माहिती उघड केली तर खबऱ्याचा जीव जातो. मग सरकारने करायचं काय?

प्रेषक: वर्षा

काका, अडचण खरी आहे. म्हणूनच चौथ्या जिनिव्हा कराराचं कलम ७८ अशी स्थानबद्धता मुळातच नाकारत नाही. सुरक्षेसाठी दुसरा इलाजच नसेल तर, त्या एका माणसापुरती, आणि अपिलाचा हक्क देऊन. वेस्ट बँकेत हा अपवाद नेहमीचा रिवाज झाला आहे.

पूर्वी थोड्याफार ज्यू रहिवाशांवरही हे हुकूम निघत. नोव्हेंबर २०२४ मध्ये इस्रायलचे संरक्षणमंत्री कात्झ यांनी त्यांच्यापुरते ते बंद केल्याचं जाहीर केलं. गुन्ह्याचा संशय असेल तर खटला भरता येतो, असं त्यांचंच म्हणणं. खबऱ्यांच्या जिवाला धोका तर तिथेही असतो ना? मग शेजारच्या पॅलेस्टिनी गावातल्या माणसावर खटला का भरता येत नाही? या प्रश्नाचं कायद्यात बसणारं उत्तर मला अजून कोणी दिलेलं नाही.

वर्षा