मदत हवी आहे: गाडीत रस्त्याचा आवाज फार येतो, पत्र्याला आतून चिकटवायची डॅम्पिंग शीट लावू का?

टर्बोवाला_दारव्हा
लवकर सांगा, शनिवारी अमरावतीला जातोच आहे. तिथला ॲक्सेसरीवाला म्हणतो चारी दारं, डिकी आणि खालचा पत्रा, सगळीकडे शीट मारून देतो, २८,००० रुपये. गाडी स्पोर्टी आहे, सस्पेन्शन कडक आहे, हे मला माहीत आहे, त्यावर प्रवचन नको. पण ८० च्या वर गेलं की आत नुसता घूंऽऽ चालू होतो. आई मागून काय म्हणते ते ऐकू येत नाही, गाणं लावायचं तर सोडाच. शीटनं फरक पडेल का? हो की नाही एवढंच सांगा.

पऱ्हाटी
भाऊ, गाडी कोणती, टायर कोणते, किती चालली, कोणत्या रोडवर आवाज येते, काहीच नाही सांगितलं अन् हो का नाही विचारून रायले.

टर्बोवाला_दारव्हा
हॅचबॅक, टर्बो पेट्रोल. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, लिहिलं की लोक गाडी सोडून कंपनीवरून भांडतात. टायर चांगले आहेत, ट्रेड भरपूर शिल्लक आहे. रस्ता आपला नेहमीचाच.

सावजी_रस्सा
डोळे मिटून शीट लावा. मी नागपुरात लावून घेतली, आता दार बंद केलं की कसं 'ठप्प' वाजते. म्युझिकचा बासही सुधारला. पैसा वसूल.

वैनगंगा
दार ठप्प वाजणं वेगळं आणि टायरचा आवाज जाणं वेगळं. ती ब्युटाइलची शीट पत्र्याला वजन देते आणि त्याची थरथर मारते, म्हणून दार भारी वाटतं. त्यासाठी पत्र्याचा पाव ते एक तृतीयांश भाग झाकला तरी पुरतं, पूर्ण मढवायची गरज नसते. टायरचा आवाज मात्र दोन वाटांनी येतो: सस्पेन्शनमधून बॉडीत, आणि हवेतून चाकांच्या कमानीतून आत. दारांवर शीट मारून या दोन्ही वाटा बंद होत नाहीत. लावायचीच तर आधी डिकीचा तळ, मागच्या कमानी आणि स्टेपनीचा खड्डा, दारं सगळ्यात शेवटी.
धागाकर्त्यांनी हे सांगावं: टायरचा साइझ, टायरवरची चार आकडी तारीख, हवा किती भरता, आणि "नेहमीचा रस्ता" म्हणजे डांबरी की सिमेंटचा. आवाज पुढून येतो की मागून?

टर्बोवाला_दारव्हा
नेहमीचा म्हणजे दारव्हा ते कारंजा आणि तिथून समृद्धीनं नागपूर. दुसरा कोणता असणार! साइझ २०५/४५ आर १७ (रुंदी २०५ मिमी, बाजूची भिंत तिच्या ४५ टक्के, रिम १७ इंच). हवा ३८ पीएसआय, नायट्रोजन. आवाज पुढून जास्त, मागूनही आहेच. तारीख बघतो.

पऱ्हाटी
थांबा जरा. हॅचबॅकला कंपनीनं १७ कोणत्या दिल्या? आधी काय साइझ होती?

टर्बोवाला_दारव्हा
१९५/५५ आर १६ होती. अलॉय बदलले. बाहेरचा व्यास जवळपास तोच राहतो, मी हिशेब करूनच घेतले आहेत.

वैनगंगा
व्यासाचा हिशेब बरोबर आहे, ६२१ मिमीचा ६१६ झाला. पण रबराची बाजूची भिंत १०७ मिमी होती ती ९२ वर आली, टायर दहा मिमी रुंद झाला आणि वर हवा ३८. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर किती लिहिली आहे? बहुतेक ३२-३३ असेल. अर्थात स्टिकर कंपनीच्या साइझचं असतं, ४५ च्या टायरला एखाद-दोन पीएसआय जास्त चालेल. ३८ कशाला?

समृद्धी_प्रवासी
हवा कमी करायला सांगू नका! समृद्धीवर टायर फुटतात ते कमी हवेनंच. नायट्रोजन आहे तर ३८ काय, ४० पण चालते.

कास्तकार_मोर्शी
नायट्रोजनचं काय कौतुक राजेहो, साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असते. चाळीस-पन्नास रुपये चाकामागे कशाचे घेतात?

समृद्धी_प्रवासी
कोरडा असतो तो, त्यात पाण्याची वाफ नसते. म्हणून प्रेशर स्थिर राहतं.

कास्तकार_मोर्शी
अकोल्याच्या मे महिन्यात कायचं स्थिर रायते? ४५ डिग्रीत कोणतंही प्रेशर चढते. सकाळी थंड टायरवर मोजा, स्टिकरवर लिहिलं तेवढी भरा, विषय संपला.

वैनगंगा
फुटण्याबद्दल समृद्धी_प्रवासी म्हणतात ते अर्धं बरोबर आहे. हवा कमी असली की बाजूची भिंत सारखी दुमडते आणि तापते, जुना टायर मग तिथून जातो. पण स्टिकरप्रमाणे हवा म्हणजे कमी हवा नव्हे. १२० च्या मर्यादेचा रस्ता आहे, लोड आणि वेगाप्रमाणे काय भरायचं ते मॅन्युअलमध्येही दिलेलं असतं.

डांबरप्रेमी
मूळ दुखणं सिमेंटच्या रोडचं आहे. पाणी निघावं, पकड राहावी म्हणून काँक्रीटवर आडव्या रेघा मारतात, त्यावर टायर शिट्टी मारतो. शिवाय साधारण साडेचार मीटरवर सांधा. १०० च्या स्पीडला सेकंदाला सहा सांधे लागतात. अमरावती-अकोला रोडवर गाडी घालून बघा, २०२२ च्या जूनमध्ये ७५ किलोमीटर डांबर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज रेकॉर्ड केला तो. त्यावर हीच गाडी शांत वाटेल.

पऱ्हाटी
रेकॉर्ड त झाला भाऊ, पण आमच्या गावचा पांदण रस्ता कधी होईन? दोन पावसाळे झाले, मुरूम पण नाही पडला.

डांबरप्रेमी
त्याचा वेगळा धागा काढा.

पऱ्हाटी
काढला होता. तीन प्रतिसाद आले, त्यातले दोन माझेच.

ई_गाडी_वर्धा
एवढा खटाटोप कशाला, इलेक्ट्रिक घ्या. इंजिनाचा आवाजच नाही.

वैनगंगा
इंजिन गप्प झालं की टायर जास्त ऐकू येतो. म्हणून तर काही इलेक्ट्रिक गाड्यांच्या टायरमध्ये आतून फोमचा पट्टा चिकटवून देतात. टायरच्या पोकळीत २०० हर्ट्झच्या आसपास हवा घुमते, ती त्यानं दबते. बाहेरून काही दिसत नाही, पंक्चरवाल्याला मात्र तो फोम कापून मग पॅच लावावा लागतो.

ई_गाडी_वर्धा
माझ्या गाडीत असं काही जाणवत नाही.

टर्बोवाला_दारव्हा
माझ्या प्रश्नाचं काय? गाडी बदलायची नाही, रस्ता बदलता येत नाही. तारीख बघितली, पुढच्या दोन्हींवर ३११९, मागच्यांवर ०८२०.

मिस्त्री_पुसद
३११९ म्हणजे २०१९ सालचा एकतिसावा आठवडा. ट्रेड कितीही असू द्या, रबर कडक झालं असेल. नख रोवून बघा, रुततं का? आपल्याकडच्या उन्हात उभी राहणारी गाडी असेल तर टायर लवकर दगड होतो. अलॉयसोबत टायर आलेच होते ना?

टर्बोवाला_दारव्हा
हो, सेटमध्येच आले.

मिस्त्री_पुसद
मग शीटवाल्याला थांबवा. पहिले दोन चाचण्या, फुकटातल्या. पहिली: ८० वर गाडी न्यूट्रल करा. आवाज तसाच राहिला तर इंजिन-सायलेन्सर संशयातून सुटले. दुसरी: मोठ्या वळणावर आवाज वाढतो का ते ऐका. डावीकडे वळताना वाढला तर वजन उजव्या चाकावर येतं, म्हणजे उजव्या बेअरिंगवर संशय. दोन्हीकडे सारखाच राहिला तर पुढची चाकं मागे, मागची पुढे. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर बाजू बदलायची नाही. आवाज चाकासोबत जागा बदलतो का ते बघा.

सावजी_रस्सा
एवढं करण्यापेक्षा शीट लावलेली परवडली. माझी गाडी येऊन बघा, शंका मिटेल.

वैनगंगा
मिस्त्रींना माझं अनुमोदन. एक भर: पुढच्या टायरवर तळहात आधी एका दिशेनं फिरवा, मग उलट. एकीकडून गुळगुळीत आणि दुसरीकडून करवतीसारखं लागलं तर टो, म्हणजे चाकांचा आत-बाहेर वळलेला कोन, बिघडला आहे. काळ्या मातीवरचे रस्ते पावसात फुगतात, उन्हाळ्यात भेगाळतात, वर सगळीकडे पट्टे आणि खड्डे. अलाइनमेंट इथे टिकत नाही. आणि डिकीतला पार्सल ट्रे जागेवर आहे ना?

टर्बोवाला_दारव्हा
ट्रे घरी आहे. संत्र्याचे क्रेट बसत नाहीत त्याच्यासकट.

वैनगंगा
अहो, हॅचबॅकमध्ये मागच्या चाकांचा सगळा आवाज डिकीतून वर येतो. ट्रे आणि खालचं कार्पेट हेच त्यावरचं झाकण असतं. संत्री उतरवली की परत लावा. फुकट आहे.

कास्तकार_मोर्शी
ताई, संत्र्याच्या सीझनमध्ये कोण रोज ट्रे काढते अन् लावते. क्रेट नसला की मागे जुनी गोधडी अंथरा, माझ्या गाडीत तेच आहे.

टर्बोवाला_दारव्हा
झालं सगळं. न्यूट्रलमध्ये आवाज तसाच. वळणावर फरक नाही. पुढची चाकं मागे टाकली तर आवाज मागे गेला, आता मी निवांत आणि आई म्हणते मागे बसवत नाही. हवा ३४ केली, सांध्यांचा धडधडाट कमी झाला, घूं आहे तसाच. हात फिरवला, त्या दोन टायरच्या आतल्या कडेला करवत लागते. म्हणजे नवीन टायर घ्या असंच ना? मग १७ मध्ये शांत टायर सांगा. १६ वर परत जाणार नाही, आधीच सांगतो.

मिस्त्री_पुसद
आधी अलाइनमेंट, मग टायर. उलटं केलं तर नवेही करवत होतील. चारही एकदम बदला.

समृद्धी_प्रवासी
मी मिशेलिनचे प्रायमसी ४ एसटी टाकलेत, माझ्या सेडानला. शांत आहेत. तुमच्या साइझमध्ये मिळतात का ते डीलरला विचारा. स्पोर्टी नक्षीचे रुंद खोबणीवाले अजिबात घेऊ नका.

सावजी_रस्सा
टायर बदलले तरी शीट लागेलच, लिहून ठेवा.

वैनगंगा
युरोपच्या लेबलवरचे डेसिबल बघून निवडणार असाल तर तो आकडा बाहेरून जाणाऱ्या आवाजाचा असतो, केबिनमधला नाही. दोन टायरची तुलना करायला थोडाफार उपयोगी, बाकी नाही. लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा, ८७ पेक्षा खाली घेऊ नका, मूळ टायरचा बहुधा तोच आहे. मोबाइलवर डेसिबल मोजणार असाल तर तोच रस्ता, तोच वेग, काचा बंद, एसी बंद.
टायर बदलून, ट्रे लावून आवाज उरलाच तर डिकी आणि मागच्या कमानींना शीट मारा, २८,००० चं अख्खं पॅकेज नको. आणि १६ चे ५५ प्रोफाइल टायर या सगळ्यापेक्षा शांत असतील. तुम्ही जाणार नाही म्हणालात, तरी लिहून ठेवते.

टर्बोवाला_दारव्हा
नाही म्हणजे नाही. शनिवारी अमरावतीला अलाइनमेंट करतो, टायरचा भाव काढतो. शीटवाल्याला थांब म्हणून सांगितलं आहे.

पऱ्हाटी
भाऊ, मग ते जुने १६ चे अलॉय घरी पडलेच असतील न? सेटचे किती घ्याल? मी दिग्रसवरून येऊन घेऊन जातो, टायर चांगले असतील त टायरसकट.