मनीषनगरचा फ्लॅट, ११ महिन्यांचा नोटरी करार संपला, भाडेकरू निघत नाहीये, काय करू?

पुण्यातली_नागपूरकर
नमस्कार मंडळी, जरा लांब आहे पण प्लीज वाचा. नागपूरच्या मनीषनगरला बाबांचा टू बीएचके आहे, बाबा गेल्यावर माझ्या नावावर झाला, मी पुण्यात नोकरीला. मागच्या वर्षी १ एप्रिलला एका फॅमिलीला दिला, भाडं १४,०००, डिपॉझिट ४०,०००. करार ११ महिन्यांचा, स्टॅम्प पेपरवर टाइप करून नोटरी केलेला, सगळे म्हणाले ११ महिन्यांचा असला की रजिस्टर करावा लागत नाही. फेब्रुवारीअखेर तो संपला आणि तेव्हापासून एक रुपया नाही. फोन केला की "ताई, पुढच्या आठवड्यात बघतो", आणि आता तर म्हणतात की आपलं तोंडी तीन वर्षांचं ठरलं होतं, भाडं न वाढवता! असं काहीही ठरलं नव्हतं हो. विजेचं बिलही दोन महिने थकलंय आणि मीटर माझ्या नावावर. भाऊ म्हणतो मी जातो आणि मेन स्विच पाडतो, मे महिन्यात कूलरशिवाय दोन दिवसात निघतील. पण घरात त्यांची म्हातारी आई आहे, माझं मन होत नाही. काय करू?

त्रिमूर्तीनगरचे_काका
ताई, लाईट बिलकुल बंद करू नका, भावाला आजच फोन करून सांगा. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ मध्ये घरमालकाने लाईट-पाणी तोडायला सरळ बंदी आहे, आणि ४५ डिग्रीमध्ये त्या आजींना काही झालं तर काय कराल? मी अनुभवावरून सांगून राहिलो. माझ्या खालच्या मजल्यावरचा माणूस असाच अडून बसला होता, मी रागात पाण्याचा व्हॉल्व्ह बंद केला, तो थेट पोलीस स्टेशनला गेला. भाडं बुडालं माझं आणि खुर्चीवर बसून उत्तरं पण मीच देऊन राहिलो. शेवटी वकिलामार्फत नोटीस, मग बसून बोलणं, आणि अर्धी थकबाकी सोडून घर मोकळं झालं. आठ महिने गेले. बिलाचं म्हणाल तर ग्राहक क्रमांक तुमच्याकडे आहे, महावितरणच्या ॲपवर दर महिन्याला स्वतः बघत जा, भाडेकरू सांगेल तेव्हा कळलं असं नको.

करारवाला_धंतोली
मी रोज हेच काम करतो म्हणून स्पष्ट लिहितो. ११ महिन्यांचा करार रजिस्टर करावा लागत नाही हे महाराष्ट्रात चुकीचं आहे. भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५: करार लेखी आणि नोंदणीकृतच पाहिजे, मग तो ११ महिन्यांचा का असेना, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. नाही केली तर ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड अशी तरतूद आहे. पण ताई, तुमच्यासाठी त्याहून वाईट गोष्ट त्याच कलमात पुढे आहे. करार नोंदलेला नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल तेच खरं धरतात, ते खोटं आहे हे तुम्ही सिद्ध करेपर्यंत. तो तीन वर्षांचं उगाच बोलत नाहीये, कोणीतरी त्याला शिकवलंय.

नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स (ठरावीक मुदतीपुरती राहायची परवानगी देणारा करार) असता तर कलम २४ लागू झालं असतं. मुदत संपली आणि घर सोडलं नाही तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा प्रकरणांसाठी सरकारने नेमलेला अधिकारी) अर्ज करता येतो, आणि जास्तीच्या दिवसांसाठी दुप्पट दराने भरपाई मागता येते. आता खर्च बघा. ११ महिन्यांचे १,५४,०००, त्यात डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के दराने धरलेलं व्याज साधारण ३,६६७, एकूण १,५७,६६७. त्याच्या ०.२५ टक्के म्हणजे चारशेच्या आत स्टॅम्प ड्युटी, आणि महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. एवढ्यासाठी लोक नोटरीकडे जातात आणि मग वर्षभर झोप उडते. ऑनलाइन होते, आधार आणि अंगठा, निबंधक कार्यालयात जायचं कामच नाही.

बेसा_भाड्याने
मी भाडेकरू आहे, आमची पण बाजू मांडतो. कधीकधी माणूस खरंच अडकलेला असतो, पगार थांबतो आणि लाजेने फोन उचलत नाही. तुम्ही पुण्याहून फोनवर बोलता, एकदा स्वतः येऊन त्यांच्या हॉलमध्ये बसा. आमच्या घरमालकीण काकू आल्या होत्या, कूलरच्या पाण्याने खिडकीखालची भिंत फुगली होती, पोपडे हाताने निघत होते. आम्ही भीतीने सांगितलं नव्हतं. त्या चिडल्या नाहीत, प्लंबर बोलावला, अर्धा खर्च वाटून घेतला, तेव्हापासून आम्ही भाडं एक दिवस उशिरा दिलं नाही.

करारवाला_धंतोली
बोलणं करा, पण कागदावर. ताई, जाताना एक प्रस्ताव घेऊन जा: सहा महिन्यांचा नवीन लिव्ह अँड लायसन्स, या वेळेस नोंदणीकृत, थकबाकी हप्त्यांनी, आणि हप्त्यांचं वेळापत्रक दोघांच्या सहीने वेगळ्या कागदावर. त्याने सही केली की तीन वर्षांचा तोंडी दावा ढिला पडतो आणि मुदतीनंतर कलम २४ तुमच्या बाजूने. सही नाही केली तर समजा की त्याला निघायचं नाही, त्याच दिवशी वकील गाठा. आणि आजपासून पैसे फक्त बँकेत घ्या, रोख नको.

पुण्यातली_नागपूरकर
सगळ्यांचे खूप आभार. भावाला थांबवलंय, थोडा रागावला पण ऐकलं. काल नागपूरला जाऊन आले. त्यांचं किराणा दुकान बसलंय, घरात खरंच तंगी आहे, आजींनीच चहा केला. पण तीन वर्षांचा विषय निघाला तेव्हा माझ्याकडे न बघता तेच परत म्हणाले. सहा महिन्यांच्या कराराला आधी नाही म्हणाले, आजी मध्ये बोलल्या तेव्हा हो म्हणाले. थकलेलं बिल मी भरून टाकलं, ते हप्त्यात धरलंय. अंगठा सोमवारी. एकच विचारायचंय, मी पुण्यात असताना माझा अंगठा कसा होणार?

करारवाला_धंतोली
पुण्यातला एजंट मशीन घेऊन तुमच्या घरी येईल, त्यांचा अंगठा आम्ही नागपूरला घेऊ, दोन्हीकडे दोन-दोन साक्षीदार आधार कार्डसह तयार ठेवा. पोलिसांना भाडेकरूची माहिती ऑनलाइन द्यायचं त्याच दिवशी उरकून घ्या. आणि सोमवारच्या आधी मजकूर पूर्ण वाचा, विशेषतः मुदत संपायची तारीख.