जुनी हॅचबॅक ट्रॅकसाठी घरीच तयार करावी का? माझं मत: करावी, पण पहिला पैसा ब्रेकवर घालावा

विंचूवाला

माझ्याकडे २०१६ची फियाटची अबार्थ पुंटो आहे. सेकंडहँड घेतली, आता ८४ हजार किलोमीटर झालेत. आपल्या रांजणगावात तयार झालेली गाडी. २०१५च्या ऑक्टोबरात ती बाजारात आली तेव्हा एक्स-शोरूम दहा लाखांच्या आत १४५ बीएचपी आणि २१२ न्यूटन मीटर देणारी दुसरी हॅचबॅक आपल्याकडे नव्हती. चारही चाकांना डिस्क ब्रेक. आज ती जुन्या गाड्यांत मोडते, आणि ट्रॅकवर जायला हौशी माणसाला अशीच गाडी हवी असं माझं ठाम मत आहे. ती कर्जातली नसते, तिच्यावर ओरखडा आला तर रात्रीची झोप उडत नाही, आणि मुख्य म्हणजे ती स्वतःच्या हाताने उघडता येते.

पण लोक सुरुवात चुकीच्या टोकाने करतात. आधी रिमॅप, म्हणजे इंजिनाच्या संगणकात बदल करून ताकद वाढवणं, मग मोठा सायलेन्सर, मग एअर फिल्टर, आणि पैसे उरलेच तर ब्रेक. मीही त्याच रांगेत होतो. श्रीपेरुंबुदूरजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर, म्हणजे मद्रास इंटरनॅशनल सर्किटवर, पहिल्यांदा गेलो ते गाडी आहे तशी घेऊन. ३.७१७ किलोमीटरचा फेरा, १२ वळणं. पहिले तीन फेरे स्वप्नात असल्यासारखे गेले. चौथ्या फेरीत ब्रेक दाबला आणि भिजल्या मातीत पाय रुतावा तसं पेडल आत गेलं. पुन्हा दाबलं, पुन्हा दाबलं, तेव्हा कुठे गाडी आवरली. बाहेर वाळूत गेलो नाही एवढंच. दोष गाडीचा नव्हता. आतलं ब्रेक ऑईल खरंच बदललेलं आहे का हे मी कधी तपासलंच नव्हतं.

घरी येऊन कागदावर गणित मांडलं. माझ्यासकट गाडी साडेबाराशे किलो धरा. १६०वरून ८०वर यायचं तर ब्रेकना सव्वानऊ लाख ज्यूल ऊर्जा पचवावी लागते. घरातलं माप सांगतो: तीन लिटर पाणी उकळीला आणायला लागते तेवढी ही उष्णता, आणि ती अडीच-तीन सेकंदांत चार डिस्कमध्ये जाते. एका फेरीत असं अनेकदा. डॉट ४ ब्रेक ऑईल नवं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पण ते हवेतली ओल शोषतं, आणि पुरेसं पाणी धरलं की ही किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पाय जमिनीला लागतो.

म्हणून गेलं वर्षभर रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये फक्त ब्रेक, टायर आणि सस्पेन्शन. वडील एसटीच्या दापोडी वर्कशॉपमध्ये ३२ वर्षं होते. ते सीटवर बसतात, मी चाकापाशी आडवा. मी म्हणतो "दाबा", ते म्हणतात "दाबला", मी ब्लीडर, म्हणजे ऑईल बाहेर सोडायचा स्क्रू, पाव फेरा सोडतो, पारदर्शक नळीतून आधी काळपट चहासारखं ऑईल येतं, मग बुडबुडे, मग मधासारखं स्वच्छ. "बंद", मग "सोडा". चार चाकांचं काम व्हायला दोन तास लागतात. ट्रॅकसाठीचे पॅड, नवं ऑईल, स्टीलच्या वेष्टणाच्या ब्रेक नळ्या, त्याच १९५/५५ आर १६ मापाचे चांगले टायर, आणि एक इंच खाली आणणाऱ्या स्प्रिंगा. इंजिनाला हात लावलेला नाही, फक्त टायमिंग बेल्ट बदलला.

फेब्रुवारीत पुन्हा जायचंय. ज्यांना हे पटत नाही त्यांनी मोकळेपणाने लिहावं.

निवृत्त_टूलरूम

मला पटत नाही. मी ३६ वर्षं कारखान्यात काढली, त्यातली बरीच तपासणी विभागात. तुम्ही इंजिन सोडलंत ते उत्तम केलंत, पण जे उघडलंत तेच घरी उघडायला नको होतं. इंजिन बिघडलं तर गाडी थांबते. ब्रेक बिघडला तर गाडी थांबत नाही.

कारखान्यात एक बोल्ट आवळला जातो तेव्हा एकाने आवळलेला दुसरा तपासतो, आणि टॉर्क रेंचचीही ठरावीक मुदतीने तपासणी होते. पार्किंगमध्ये कोण तपासतं? तुमच्या वडिलांच्या अनुभवाबद्दल मला पूर्ण आदर आहे, पण ते पेडलवर असतात, चाकाखाली तुम्ही असता. आणि ब्रेक नळी हा केवळ फिटिंगचा विषय नाही. स्टिअरिंग पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे आणि चाक पूर्ण खाली लोंबकळत असताना ती कुठे घासते का, ताणली जाते का, हे पाहावं लागतं. पाहिलंत का?

शिवाय ट्रॅकवर तुम्ही एकटे नसता. तुमच्या चुकीची किंमत मागचाही मोजतो.

लिनियाप्रेमी

माझा विरोध वेगळ्या कारणासाठी आहे. ही गाडी थोडीच बनली. फियाटचा आपल्याकडचा गाड्यांचा बाजार उठला, आणि आज बंपर, दिवे, ट्रिमसाठी लोक जुन्या पुंटो आणि लिनिया धुंडाळत फिरतात. जी अबार्थ ट्रॅकवर भिंतीला लागेल ती कायमची गेली.

कुर्ल्यात बनलेल्या पॅलिओ १.६ जीटीएक्सचं हेच झालं. १०० अश्वशक्तीची, २००१ साली केवढं अप्रूप होतं तिचं! पोरांनी कापल्या, खाली केल्या, रंगवल्या. आज मूळ अवस्थेतली एक दाखवा मला. तीच वेळ या गाडीवर आणू नका. ट्रॅकची हौस असेल तर जुनी स्विफ्ट घ्या, सुटे भाग गल्लीत मिळतात.

विंचूवाला

@निवृत्त_टूलरूम काका, नळ्या पाहिल्या. दोन्ही टोकांना स्टिअरिंग फिरवून, चाक लोंबकळत ठेवून, आणि पुन्हा जॅकने वर दाबून. पुढच्या उजव्या बाजूची नळी शॉकअपच्या ब्रॅकेटला अगदी बोटभर अंतरावर येत होती, ती क्लिप फिरवून बाजूला घेतली. हे मला कळलं कारण मी स्वतः खाली होतो. त्याआधी गाडी तीन वर्षं गॅरेजमध्ये जात होती. ब्रेक ऑईल बदलल्याचं बिल माझ्याकडे आहे, आणि नळीतून काळा चहा आला तोही मीच पाहिलाय. म्हणून माझा विश्वास माझ्या डोळ्यांवर जास्त आहे.

@लिनियाप्रेमी, तुमची कळकळ समजते. पण ही गाडी चालवण्यासाठी बनवली. कव्हरखाली ठेवून तिचे रबर वाळतात, ऑईल पाणी धरतं. मी बॉडी कापलेली नाही, काढलेला प्रत्येक मूळ भाग डब्यात चिठ्ठी लावून ठेवलाय.

मिरजेची_मेकॅनिकल

मी स्वतः घरी काम करते, त्यामुळे मूळ मुद्द्याला पाठिंबा. पण त्या स्प्रिंगा काढा.

अबार्थ मुळातच खाली आहे, १५५ मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्स. आणखी एक इंच खाली आणलंत म्हणजे शॉकअपचा वर जाण्याचा प्रवास तेवढा कमी झाला. वळणात गाडी झुकली की बाहेरच्या बाजूचं पुढचं चाक बंप रबरावर जाऊन बसतं. त्या क्षणी स्प्रिंग संपते आणि पकड एकदम सुटते, हळूहळू नाही. नवख्याला हे फार अवघड जातं, कारण गाडी आधी काहीच सांगत नाही. शिवाय चाक धरणारे खालचे आर्म आडवे होऊन वरच्या दिशेला कलतात, मग अलाइनमेंटवाल्याने टो, म्हणजे चाकांचा आत-बाहेरचा कल, कितीही नीट लावला तरी खड्ड्यात चाक स्वतःच दिशा बदलतं.

मूळ स्प्रिंगा, नवे शॉकअप, नवे बुश, म्हणजे आर्मच्या सांध्यातली रबरं. ८४ हजारांच्या गाडीत आर्मचे बुश कधी बदललेत? तुमच्या यादीत ते दिसले नाहीत. तिथेच खरा फरक पडतो.

दावा_विभाग

मी विमा क्षेत्रात आहे, म्हणून दोन गोष्टी स्पष्ट लिहिते. खाजगी गाडीच्या नेहमीच्या पॉलिसीत वापराच्या मर्यादा दिलेल्या असतात. आयोजित शर्यत, पेस मेकिंग, वेगाची चाचणी, रिलायबिलिटी ट्रायल हे त्यात वगळलेलं असतं. ट्रॅक डे, म्हणजे आपली गाडी ट्रॅकवर हौसेने चालवायचा दिवस, ही शर्यत नाही असा युक्तिवाद करायचा असेल तर तो दावा नाकारल्यानंतर करावा लागेल, आणि तोवर गाडी उभी असेल.

दुसरं, मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ प्रमाणे मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. त्याच मापाचे टायर किंवा दर्जेदार पॅड लावले तर ती झीज झालेल्या भागांची बदली असं मी म्हणेन. खाली आणलेल्या स्प्रिंगांबद्दल मी तसं म्हणू शकणार नाही. आणि तुम्ही ही गाडी पुण्याहून अकराशेच्या वर किलोमीटर चालवत नेणार, तीन राज्यांतून.

कोव्हेंट्रीकर

इथे इंग्लंडमध्ये माझ्याकडे २००४ची रेनो क्लिओ १८२ आहे, तीही मी घराबाहेर रस्त्याच्या कडेला उभी करूनच सांभाळतो. इथे तीन वर्षांनंतर दरवर्षी एमओटी तपासणी असते. ब्रेक, बुश, टायर सगळं तपासणारा माणूस वेगळा, आणि गाडी नापास झाली तर रस्त्यावर आणता येत नाही. ट्रॅक डेचा विमा एका दिवसाचाही वेगळा मिळतो. म्हणून इथे घरी काम करणं सोपं जातं. तुमच्या मागे ही दोन्ही पाठबळं नाहीत, आणि काका जो तपासणीचा मुद्दा मांडताहेत तो म्हणूनच मला वजनदार वाटतो.

एक सांगतो. ट्रॅकवरून आत आल्यावर हँडब्रेक ओढू नका. तापलेले पॅड डिस्कला चिकटून बसतात, डाग पडतात आणि पुढे पेडल थरथरतं. गिअरमध्ये ठेवा, चाकाखाली लाकडी ठोकळा लावा. आणि शेवटचा फेरा अगदी सावकाश, ब्रेक जवळजवळ न लावता. टर्बोलाही तेवढाच आराम.

कोइम्बतूरचा_पाहुणा

घरी केलेलं काम कमी दर्जाचं असतं हे गृहीतच मला मान्य नाही. मी दहा वर्षं नोकरीनिमित्त इथे आहे, आणि ज्यांच्या नावाने इथला करी मोटर स्पीडवे आहे त्या करिवर्धन यांनी मारुती ८००चं ७९६ सीसीचं इंजिन घेऊन फॉर्म्युला मारुती गाड्या उभ्या केल्या. नारायण कार्तिकेयनची पहिली शर्यत त्याच गाडीतली. इथेच, हाताने केलं. कंपनीचा शिक्का लागेल तेव्हाच गाडीला हात लावायचा असं ठरवलं असतं तर आपल्याकडे हा खेळच उभा राहिला नसता.

निवृत्त_टूलरूम

@कोइम्बतूरचा_पाहुणा, उदाहरण मोठं आहे पण इथे लागू पडत नाही. फॉर्म्युला मारुती ही रस्त्यावरची गाडी नव्हती. मुळापासून ट्रॅकसाठी आखलेली, आत बसणारा हेल्मेट घालून, पट्ट्यांनी जखडलेला. विंचूवालांची गाडी सोमवारी मुलांना शाळेत सोडायला जाते. घरी बदल करणारे पुढच्या पायरीला रोल केज, म्हणजे आत लोखंडी नळ्यांचा पिंजरा, बसवतात, तो तर रस्त्यावर जीवघेणा. हेल्मेट नसताना डोकं त्या नळीवर आपटतं. मूळ सीटला चार पट्ट्यांचा हार्नेस लावतात, धडकेत माणूस खालून सरकतो आणि पट्टा पोटावर येतो. पहिली पायरी निरुपद्रवी वाटते म्हणून माणूस दुसरी चढतो, आणि मी त्याच पहिल्या पायरीबद्दल बोलतोय.

विंचूवाला

केज आणि हार्नेस लावणार नाही. इथे लिहून ठेवतो.

मिरजेच्या ताईंचं वाचून काल संध्याकाळी बॅटरी घेऊन गाडीखाली गेलो. पुढच्या उजव्या आर्मचा मागचा बुश फाटलेला आहे. पहार घालून हलवला तर रबराची चीर उघडते, आत करंगळीचं नख जातं. वर्षभर मी तिथे झोपून ब्रेक पाहत होतो आणि वीतभर मागे नजर गेली नाही. स्प्रिंगा या रविवारी उतरतील, मूळ परत लागतील. बुश मागवलेत, ते प्रेसवरच बसतात, त्यामुळे आर्म काढून वर्कशॉपला देणार.

दावा विभागाचं ऐकून गाडी ट्रकवर घालून न्यायची का हे अजून ठरलं नाही. खर्च ट्रॅकच्या फीपेक्षा मोठा आहे. पण स्प्रिंगा उतरल्यावर रस्त्यावर न्यायला माझं मन कचरणार नाही.

ब्रेकबद्दल मात्र मी आहे तिथेच आहे. ते मीच करणार.

लिनियाप्रेमी

मूळ भाग डब्यात आहेत म्हणालात. त्या मूळ स्प्रिंगा कोरड्या जागी ठेवल्या होत्या ना? रंग उडून गंज धरला असेल तर लावू नका, तिथूनच तुटतात.

निवृत्त_टूलरूम

माझं मत बदललेलं नाही. पण तुम्ही करणारच असाल तर एक करा. टॉर्क रेंचने बोल्ट आवळून झाला की त्याच्या डोक्यावरून शेजारच्या धातूवर पांढऱ्या पेंटची एक सरळ रेघ ओढा. कॅलिपरचे, नळ्यांचे, आर्मचे, सगळे. रेघ तुटलेली दिसली म्हणजे बोल्ट फिरला. ट्रॅकवर प्रत्येक वेळी आत आल्यावर ब्रेक थोडे निवले की वडिलांच्या हातात बॅटरी द्या आणि रेघा त्यांना पाहू द्या. तुम्ही आवळलंय, तुम्ही पाहू नका.