मदत हवी आहे: गोळ्या सोडण्याचा दर अवाच्या सवा येतोय, कुठे चुकतंय?

रेवा२१
घाईत आहे, थेट विचारते. गर्भनिरोधक गोळ्या सुरू केलेल्यांपैकी किती जणी बारा महिन्यांच्या आत सोडतात, तो दर काढतेय. महिनावार नोंदींचा कॅलेंडर डेटा आहे, म्हणजे प्रत्येक बाईची एक ओळ आणि त्यात दर महिन्यासाठी साधन, गरोदरपण किंवा बाळंतपण दाखवणारं एक अक्षर. लाइफ टेबल (दर महिन्याला किती गळतात, किती उरतात त्यावरून दर काढणं) लावलं की उत्तर ८० टक्क्यांच्या वर जातं. त्याच पाहणीच्या छापील अहवालातला आकडा याच्या जवळपासही नाही. कोड तीनदा तपासला. वेट (नमुन्याचे भारांक) लावून पाहिले, फरक नाही. परवा मार्गदर्शकांना तक्ता द्यायचा आहे. सोडण्याच्या कारणांचा तक्ताही करायचाय, पण तिथे बहुतेक ठिकाणी रिकामंच येतंय, ते नंतर बघेन. आधी हा दर कसा खाली आणायचा?

निळीशाई
दर खाली आणायचा नाही, बरोबर आणायचा. पाहणी कोणत्या पद्धतीची? सॉफ्टवेअर कोणतं? तुमच्या तक्त्यात एक ओळ म्हणजे एक बाई की वापराचा एक सलग खंड? मुलाखतीच्या दिवशी ज्यांच्या गोळ्या चालूच होत्या त्यांचं काय केलंत? एवढं कळल्याशिवाय सगळे अंदाजच होतील.

आकडेमोड
लाइफ टेबलच्या भानगडीत पडूच नका. पर्ल निर्देशांक काढा. दिवस राहिलेल्यांची संख्या गुणिले १२००, भागिले वापराचे एकूण महिने. एका ओळीत काम होतं आणि सगळ्यांना कळतं.

साठेआठ
आकडेमोड, त्या गोळ्या सोडण्याबद्दल विचारतायत, गोळ्या फसण्याबद्दल नाही. आणि फसण्यासाठीसुद्धा पर्ल निर्देशांक दिशाभूल करतो. ज्यांना लवकर दिवस राहतात किंवा ज्या गोळ्या वेळेवर घेत नाहीत, त्या पहिल्या काही महिन्यांतच गळतात. मागे उरतात त्या नियमित घेणाऱ्या. त्यामुळे पाहणी जितकी लांबवाल तितका निर्देशांक आपोआप उतरतो. १०० जणी १२ महिने आणि ४०० जणी ३ महिने, दोन्हीकडे १२०० महिनेच भरतात, पण उत्तर एकच येणार नाही.

आकडेमोड
औषधांच्या चाचण्यांमध्ये आजही पर्लच देतात.

साठेआठ
देतात, पण जोडीला लाइफ टेबलही देतात. आणि तिथे पाठपुराव्याचा काळ ठरलेला असतो, इथे तो प्रत्येकीचा वेगळा आहे.

रेवा२१
डीएचएस (लोकसंख्या व आरोग्य पाहणी) पद्धतीचीच पाहणी आहे, त्यात सांगण्यासारखं काय? स्टाटा वापरतेय. एक ओळ म्हणजे एक खंड, ते करून झालंय. शेवटच्या महिन्यापर्यंत चालू असलेले खंड सेन्सॉर केलेत, म्हणजे तिथपर्यंतच मोजलेत, 'सोडलं' असं धरलं नाही. आणि कॅलेंडर सुरू होतानाच ज्या गोळ्या घेत होत्या त्यांचे खंड काढून टाकलेत, कारण त्यांनी कधी सुरू केल्या ते माहीत नाही. हे सगळं पुस्तकाप्रमाणे आहे.

डॉ_पारिजात
बऱ्याच जणी एखादी गोळी चुकली की घाबरून पाकीटच सोडून देतात, म्हणून लिहिते. मिश्र संप्रेरकांची एक गोळी चुकली तर आठवेल तेव्हा लगेच घ्यावी आणि पुढची नेहमीच्या वेळी, मग एका दिवशी दोन झाल्या तरी चालतं. लागोपाठ दोन किंवा जास्त चुकल्या तर शेवटची चुकलेली लगेच घ्यावी, आधीच्या सोडून द्याव्यात, आणि सलग ७ दिवस गोळ्या घेऊन होईपर्यंत निरोध वापरावा. तिसऱ्या आठवड्यात असं झालं तर बिनसंप्रेरकाच्या गोळ्या गाळून थेट नवं पाकीट सुरू करावं.

साठेआठ
डॉक्टर, माहिती बरोबर आहे, पण इथे कुणाची गोळी चुकलेली नाही.

डॉ_पारिजात
मान्य. पण सोडण्याच्या कारणांचा तक्ता करताना 'साधन फसलं' या कोडमागे हेच असतं, ते ध्यानात असू द्या. गोळ्या अगदी नेमाने घेतल्या तर पहिल्या वर्षी १०० मागे ०.३ जणींना दिवस राहतात, रोजच्या व्यवहारातल्या वापरात ७ जणींना. निरोधाचे तेच आकडे २ आणि १३. तांबीत हा फरक जवळपास नाहीच, कारण तिथे रोज आठवण ठेवायची नसते. पाहणीतून येणारा आकडा नेहमी रोजच्या व्यवहारातला असतो, त्याची तुलना पाकिटावरच्या आकड्याशी करू नये.

निळीशाई
रेवाताई, तुम्ही 'नंतर बघेन' म्हणालात ती कारणांची रिकामी जागा मला खटकतेय. कारणाचा कोड वापराच्या शेवटच्या महिन्यासमोर असतो. तुम्ही तो खंडाच्या कुठल्या टोकाला शोधताय? आणि साधनांच्या ओळीतलं सगळ्यात डावीकडचं अक्षर कोणत्या महिन्याचं धरलंय?

रेवा२१
डावीकडचं म्हणजे पहिल्या महिन्याचं, आणखी कोणत्या? कारण उजव्या टोकाला शोधतेय, शेवट तिकडेच असतो ना.

निळीशाई
सापडलं. डीएचएसचं कॅलेंडर उलटं असतं. डावीकडे सगळ्यात अलीकडचा महिना, उजवीकडे सगळ्यात जुना. एक ओळ घालते. फाइलमधल्या जन्माच्या 'बी' अक्षराला 'ब', गरोदरपणाच्या 'पी' अक्षराला 'प', गोळ्यांना १, काहीच नाही त्याला ०.

१११११००बपपपपपपपप११११००

डावीकडून वाचलं तर आधी मूल जन्मतं आणि मग आठ महिने गरोदरपण. असं होत नाही, म्हणजे वाचण्याची दिशाच चुकली. उजवीकडून वाचा: दोन महिने काही नाही, चार महिने गोळ्या, लगेच गरोदर, बाळंतपण, दोन महिने काही नाही, मग पाच महिने गोळ्या आणि त्या आजही चालू.

आता तुमच्या कोडने काय केलं बघा. डावीकडचे पाच महिने 'कॅलेंडर सुरू होतानाच चालू' म्हणून काढून टाकले. पण त्या तर सध्या गोळ्या घेणाऱ्या! म्हणजे ज्या टिकल्या त्या सगळ्या गेल्या आणि ज्यांनी सोडल्या त्या बहुतेक सगळ्या राहिल्या. सेन्सॉर केलेत ते वर्षानुवर्षांपूर्वीचे, सुरुवात माहीत नसलेले खंड. दर फुगणारच. वेट लावून फरक पडला नाही, कारण चूक प्रत्येक ओळीत सारखीच आहे. कारण रिकामं येतंय तेही यामुळेच: कोड खंडाच्या डाव्या अक्षरासमोर आहे, तुम्ही उजव्यासमोर शोधताय.

रेवा२१
अरे देवा. पूर्ण ओळ उलटवून घेते. खूप आभार!

साठेआठ
थांबा, नुसती उलटवू नका. ओळ ८० अक्षरांची असते आणि डावीकडे काही जागा मुद्दाम रिकाम्या असतात, मुलाखतीनंतरच्या महिन्यांच्या. मुलाखत कितव्या जागेवर आहे ते फाइलमधल्या व्ही०१८ या रकान्यात दिलंय. फाइल सीएसव्हीतून आली असेल किंवा रिकाम्या जागा छाटल्या असतील, तर प्रत्येक बाईची ओळ वेगवेगळ्या महिन्यापासून सुरू होते आणि व्ही०१८ शी जुळत नाही. प्रत्येक ओळीची लांबी मोजून बघा. ८० पेक्षा कमी आली तर मूळ फाइल परत उघडा. आणि कारणांची ओळ साधनांच्या ओळीसोबतच उलटवा, एकच उलटवली तर नवी भानगड.

निळीशाई
+१. कोणता महिना कोणता हे ठरवायला शतक-महिना कोड वापरा: सनातून १९०० वजा, गुणिले १२, अधिक महिना. मार्च २०१५ म्हणजे ११५ × १२ + ३ = १३८३. कुठल्याही पाच बायकांच्या 'ब'चा असा कोड काढा आणि मुलांच्या जन्मतारखेशी ताडून बघा. पाचही जुळले की मगच पुढे जा.

अजून एक. मुलाखतीचा महिना आणि त्याआधीचे दोन, असे तीन महिने हिशेबातून वगळतात. गोळ्या फसून दिवस राहिले असले तरी पहिल्या दोन-तीन महिन्यांत बाईला ते कळलेलं नसतं, ती 'गोळ्या चालू' असंच सांगते. छापील तक्ते म्हणूनच मुलाखतीपूर्वी ३ ते ६२ महिन्यांत सुरू झालेल्या खंडांवर असतात. तुमचा आकडा त्यांच्याशी ताडायचा तर तीच चौकट हवी.

मौखिक
तुम्ही सगळे आकड्यांत अडकलात. पाच वर्षांपूर्वी कोणत्या महिन्यात गोळ्या सोडल्या हे कुणाला आठवतं? बायकांशी सविस्तर बोला, दहा नीट मुलाखती हजार ओळींपेक्षा जास्त सांगतील.

निळीशाई
मौखिक, 'का' साठी मुलाखती हव्यातच, पण 'किती' दहा जणींवरून निघत नाही. आठवणीचा प्रश्न खरा आहे, म्हणूनच कॅलेंडर भरताना आधी बाळंतपणं लिहितात, त्यावरून गरोदरपणाचे महिने मागे मोजतात, आणि उरलेल्या जागा विचारतात: थोरल्याच्या जन्मानंतर किती महिन्यांनी साधन सुरू केलंत? बाळंतपण कुणी विसरत नाही. तरी ६, १२, २४ अशा ठोकळ महिन्यांवर खंडांचा ढीग दिसतोच, तो आलेख काढून जरूर बघावा.

मौखिक
आणि ज्या गर्भपाताबद्दल सांगतच नाहीत त्या? मुलाखतीच्या वेळी घरातलं माणूस शेजारी बसलेलं असेल तर इंजेक्शन लपून घेणारी बाई 'काही वापरत नाही' असंच म्हणेल. एकांत मिळाला की नाही, याची नोंद कोण बघतं?

डॉ_पारिजात
हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. न सांगितलेल्या गर्भपातांमुळे फसण्याचा दर खऱ्यापेक्षा कमी दिसतो. निबंधात हे स्पष्ट लिहा, तळटीपेत ढकलू नका.

रेवा२१
ओळी उलटवल्या. लांबी ८० आहे, जन्मतारखा जुळल्या, कारणं भरून आली, तीन महिने वगळले. दर आता छापील आकड्याला लागून आहे. पण प्रत्येक कारणाचा वेगळा कापलान-मायर (लाइफ टेबलसारखीच पद्धत) दर काढून बेरीज केली तर ती एकूण दरापेक्षा जास्त येते. आता हे काय?

आकडेमोड
राउंडिंग असेल.

साठेआठ
राउंडिंग नाही. एका कारणाचा कापलान-मायर काढताना बाकीच्या कारणांनी सोडलेल्यांना तुम्ही सेन्सॉर करता, म्हणजे 'सोडल्या नसत्या तर पुढे त्यांनाही तोच धोका असता' असं मानता. समजा दर महिन्याला १ टक्का गोळ्या फसून आणि ४ टक्के इतर कारणांनी सोडतात. वेगवेगळे काढले तर बारा महिन्यांत ११.४ आणि ३८.७, बेरीज ५०.१. प्रत्यक्षात महिन्याला ५ टक्के गळतात, म्हणजे एकूण ४६.०. त्याची १:४ वाटणी केली की ९.२ आणि ३६.८. हा बहु-कारणी लाइफ टेबल, छापील तक्त्यात हाच असतो. स्टाटात एसटीकॉम्पेट आज्ञा बाहेरून बसवून घ्या. 'गोळ्या किती फसतात' एवढाच प्रश्न असेल तर ११.४ वालाही चुकीचा नाही, पण त्याची बेरीज करायची नाही.

रेवा२१
आणि गोळ्या सोडून लगेच तांबी बसवली तर ते सोडणंच धरायचं?

निळीशाई
एकूण दरात हो, तो खंड संपला. पण 'साधन बदललं' असा वेगळा रकाना ठेवा. सोडल्याच्या पुढच्याच महिन्यात दुसरं साधन असेल, किंवा कारण 'जास्त खात्रीचं साधन हवं होतं' असं असून दोन महिन्यांत दुसरं सुरू केलं असेल, तर ते बदलणं. हा रकाना कारणांच्या बेरजेत मिसळू नका. बदलणारीचं कारणही आधीच एकदा मोजलं गेलंय.

मौखिक
त्या तांबीवाल्या बाईला 'सोडलं' म्हणणं मला अजूनही पटत नाही.

निळीशाई
गोळ्या सोडल्या, साधन नाही सोडलं. तक्त्याच्या मथळ्यात 'गोळ्यांचा वापर सोडणे' असं पूर्ण लिहा रेवाताई, म्हणजे हा प्रश्नच येणार नाही.