मदत हवी आहे: जुन्या कॉम्प्युटरवरच्या गेमच्या कोणत्या फाइल्स जपून ठेवाव्यात?

नमस्कार मंडळी,

इंदूरला राजेंद्रनगरच्या आमच्या घरी विंडोज ७ चा एक जुना डेस्कटॉप आहे. त्याची हार्ड डिस्क हल्ली टकटक आवाज करते, मधूनच सगळं अडकून बसतं. नवा लॅपटॉप आलाय, त्यामुळे जुना आता काढायचाय. फोटो, आईबाबांची कागदपत्रं, घराच्या कागदांचे स्कॅन हे एक्सटर्नल ड्राइव्हवर घेऊन झालं. राहिले ते गेम. जेल रोडच्या दुकानदाराचं म्हणणं, "गेममधलं काय ठेवायचंय ताई? परत टाकता येतात की."

गेम परत टाकता येतात हे खरंच आहे. पण त्या गेममध्ये आमच्या घरच्यांनी जे केलंय ते कुठून परत आणणार? म्हणून इथे विचारतेय.

धाकटा भाऊ आणि मावसभाऊ सुट्टीभर एज ऑफ एम्पायर्स २ या लढायांच्या गेमच्या सिनॅरिओ एडिटरमध्ये (स्वतःचे नकाशे आणि लढाया बनवायची सोय) बसलेले असायचे. भावाने त्यात महेश्वर उभं केलंय. खाली नर्मदा, काठाने दगडी तटबंदी, वर किल्ला, आणि किल्ल्याच्या दारात पर्शियन हत्ती. १९९९ च्या त्या मूळ गेममध्ये भारतीय सैन्यच नव्हतं, त्यामुळे होळकरांची फौज म्हणून जे शोभेल ते त्याने घेतलं. शत्रूच्या नावा अर्ध्या नदीत आल्या की पडद्यावर ओळ येते, "मातोश्रींचा हुकूम, एकही नाव पैलतीरी लागू देऊ नका." हे त्याने स्वतः रोमन लिपीत मराठी टाइप करून बसवलंय. शाळेत होता तेव्हा.

दुसरं क्रिकेट ०७. त्यात एका परदेशी संघाच्या जागी त्याने आमचा होळकर संघ घातलाय. कर्णधार सी. के. नायडू, सलामीला मुश्ताक अली. १९४५-४६ ते १९५२-५३ या काळात होळकर संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकला, आणि त्या सगळ्या गोष्टी आजोबांना तोंडपाठ होत्या. कुणाला फलंदाजीचे किती गुण द्यायचे, कुणाची फिरकी किती वळवायची, हे भाऊ शेजारी बसून आजोबांना विचारायचा आणि रोस्टर एडिटरमध्ये, म्हणजे संघ आणि खेळाडूंची यादी बदलायच्या सोयीत, भरायचा. आता आजोबा नाहीत. ती रोस्टरची फाइल मला काहीही झालं तरी हवी आहे.

आता अडचण सांगते. भावाला फोन केला तर तो म्हणतो, "महेश्वर गेमच्या फोल्डरमध्येच असेल, सिनॅरिओ नावाच्या." प्रोग्रॅम फाइल्समधला तो फोल्डर मी उघडला. आत गेमबरोबर आलेल्या फाइल्स आहेत, महेश्वर नाही. पण त्याच्या लॉगिनमधून गेम सुरू केला की एडिटरच्या यादीत महेश्वर दिसतं आणि उघडतंही! स्टार्ट मेनूतून नावाने शोधलं तरी हाती काही लागत नाही. मग ते आहे कुठे?

शिवाय काही गोष्टी ठरवता येत नाहीयेत. गेमचे अख्खे फोल्डर उचलावेत का? त्यांनीच सगळी जागा खाल्लीय. सेव्ह केलेले खेळ, रेकॉर्ड केलेल्या लढाया, स्क्रीनशॉट, सेटिंगच्या फाइल्स यांतलं काय खरंच कामाचं? भाच्याचं माइनक्राफ्टसुद्धा याच मशीनवर आहे, आणि त्याचं जग गेलं तर तो मला माफ करणार नाही. सीडींचा एक डबाही आहे, त्यातल्या काही सीडी ओरखडलेल्या आहेत. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.

प्रतिसाद १

ताई, निवड नंतर करा, कॉपी आधी. टकटक करणारी डिस्क कधी बसेल याचा भरवसा नाही. तिच्यावर डिफ्रॅग (विखुरलेल्या फाइल्स नीट लावणं) किंवा डिस्क दुरुस्तीचं काही चालवू नका, त्याने ताण वाढतो. ज्या फाइल्स लहान आहेत आणि जगात दुसरीकडे कुठेच नाहीत, त्या आजच्या आज उचला. मोठे फोल्डर त्यानंतर.

महेश्वर बहुधा व्हर्च्युअलस्टोअरमध्ये आहे. विंडोज व्हिस्टापासून साध्या प्रोग्रॅमला प्रोग्रॅम फाइल्समध्ये लिहायची मुभा नाही. जुन्या गेमना हे माहीत नसतं, ते आपले तिथेच लिहायला जातात. गेम बंद पडू नये म्हणून विंडोज ती फाइल गुपचूप दुसरीकडे ठेवतं आणि गेमला मात्र भासवतं की ती जागेवरच आहे. म्हणून गेमला दिसते, तुम्हाला दिसत नाही. मार्ग असा: सी ड्राइव्ह, युजर्स, भावाच्या लॉगिनचं नाव, ॲपडेटा, लोकल, व्हर्च्युअलस्टोअर, आणि त्यात पुन्हा प्रोग्रॅम फाइल्स. ॲपडेटा छुपा फोल्डर असतो, त्यामुळे आधी फोल्डर ऑप्शन्समध्ये जाऊन छुप्या फाइल्स दिसतील असं करा. ही सोय प्रत्येक लॉगिनला वेगळी असते, तेव्हा घरात जितकी लॉगिन असतील तितक्या ठिकाणी बघा.

क्रिकेट ०७ चं सोपं आहे. डॉक्युमेंट्समध्ये ईए स्पोर्ट्स क्रिकेट ०७ असा फोल्डर असेल, रोस्टर त्यात असतात. आख्खा फोल्डरच घ्या, काही एमबींचा मामला. फक्त एक बघा, भावाने खेळाडूंचे चेहरे, कपडे, बॅटवरची चित्रं बदलली असतील तर ती गेमच्या मूळ फोल्डरमध्ये जातात. तसं असेल तर या एका गेमचा पूर्ण फोल्डर ठेवावा.

प्रतिसाद २

वरच्यांशी सहमत. थोडी भर घालतो.

सेव्ह फाइल्स सहसा डॉक्युमेंट्स, त्यातला माय गेम्स, युजर्समधला सेव्ह्ड गेम्स, आणि ॲपडेटाच्या लोकल, लोकललो, रोमिंग या तिन्हींत सापडतात. युनिटी या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरवर केलेले गेम बहुतेक लोकललोमध्ये लिहितात. ॲपडेटा अख्खा उचलू नका, त्यात ब्राउझरचा नुसता कचरा भरलेला असतो. गेमच्या किंवा कंपनीच्या नावाचे फोल्डर तेवढे घ्या. एखाद्या गेमचं ठिकाण सापडत नसेल तर पीसीगेमिंगविकीवर त्या गेमचं पान बघा. लुडुसावी नावाचं मोफत सॉफ्टवेअर तीच माहिती वापरून सेव्ह शोधतं आणि कॉपी करून देतं.

माइनक्राफ्टची जावा आवृत्ती असेल तर रोमिंगमधल्या डॉट माइनक्राफ्टमध्ये सेव्ह्ज फोल्डर आहे, प्रत्येक जगाला त्यात एक फोल्डर. तो जसाच्या तसा घ्यायचा, आतलं काही वगळायचं नाही. गेम बंद असताना कॉपी करा, नाहीतर अर्धवट लिहिलेली फाइल यायची.

रेकॉर्ड केलेल्या लढायांबद्दल मात्र सावध करतो. एजच्या त्या फाइलमध्ये व्हिडिओ नसतो, कुणी कधी कोणता हुकूम दिला एवढीच नोंद असते. म्हणून ती इतकी लहान असते, आणि म्हणूनच गेमची तीच आवृत्ती नसेल तर चालत नाही. एखादी लढाई मनापासून जपायची असेल तर जुनं मशीन चालू आहे तोवर ती लावून पडद्याचा व्हिडिओ काढून घ्या. बाकीच्या सोडल्या तरी चालतील.

सेटिंगच्या फाइल्स सोडा, नव्या लॅपटॉपचा स्क्रीनच वेगळा. स्टीमवर (गेमचं ऑनलाइन दुकान) काही गेम असतील तर गेम परत उतरवता येतो, पण स्टीममधला बॅकअपचा पर्याय फक्त गेम ठेवतो, सेव्ह नाही. क्लाउडवर सेव्ह ठेवायची सोय सगळ्याच गेमना नसते, आणि इकडे फाइल बिघडली की बिघडलेलीच वर जाऊन बसते.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार! व्हर्च्युअलस्टोअरमध्ये महेश्वर मिळालं. त्याच्याच शेजारी राजवाड्याचा एक नकाशा निघाला, भाऊ तो साफ विसरला होता. माझ्या लॉगिनखाली मावसभावाच्या दोन अर्धवट लढाया आहेत, त्याही घेतल्या. रोस्टर ड्राइव्हवर, पेन ड्राइव्हवर आणि भावाच्या मेलवर अशा तीन ठिकाणी ठेवलंय. संघाचे कपडे त्याने बदलले होते, म्हणून क्रिकेटचा फोल्डर पूर्ण उचलतेय. भाच्याचं जग नव्या लॅपटॉपवर उघडून बघितलं, घराच्या गच्चीवरच्या कोंबड्यांसकट सगळं जागच्या जागी आहे.

सीडींचं राहिलं. सगळ्यांच्या इमेज, म्हणजे सीडीच्या फाइलरूपी नकला, करून ठेवाव्यात का?

प्रतिसाद ३

ज्या गेमची नवी आवृत्ती विकत मिळते त्यांची घाई नाही. एज त्यातलाच, २०१९ ची डेफिनिटिव्ह एडिशन आहे. महेश्वर तिच्या एडिटरमध्ये उघडून बघा, मात्र मूळ फाइलवर सेव्ह करू नका, नवं नाव द्या.

जे कुठेच मिळत नाहीत त्यांची इमेज जरूर करा. नव्वदीतल्या काही गेमचं संगीत सीडीवर ऑडिओ ट्रॅक म्हणून असायचं, ते आयएसओ प्रकारच्या इमेजमध्ये येत नाही. अशांसाठी बिन-क्यू या दोन फाइल्सच्या जोडीची इमेज करा. आणि २००० च्या आसपासच्या बऱ्याच सीडींवर नक्कल रोखणारं सेफडिस्कचं कुलूप असायचं. त्याचा ड्रायव्हर विंडोज १० मध्ये चालत नाही, त्यामुळे इमेज चांगली निघाली तरी गेम अडू शकतो. म्हणून इमेज करण्यात वेळ घालवण्याआधी तो गेम नव्या लॅपटॉपवर सीडीवरून टाकून चालवून बघा, त्यासाठी यूएसबीचा सीडी ड्राइव्ह लागेल. ओरखडलेल्या सीडी आधी घ्या, आणि कव्हरवरच्या सीडी-कीचा (गेम टाकताना विचारला जाणारा क्रमांक) फोटो काढून त्याच फोल्डरमध्ये टाका.